नवसाचे केस

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज खोटं बोललो. तेही देवीच्या नावानं.

शाळेतून चिठ्ठी आली होती. गणराजचे केस मानेखाली आलेत, कापून पाठवा, नाहीतर वर्गात बसू देणार नाही. सुजित पहिल्या शिफ्टला चाकणला गेलेला, सूनबाई भोसरीला पॅकिंगच्या कामावर. राहिलो मी. लेकराचं बोट धरून गेलो. मुख्य बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि एकाहत्तराव्या वर्षी हात आपोआप पाठीमागे बांधले गेले — शाळा म्हटलं की होतंच माझं असं.

बाई म्हणाल्या, "आजोबा, हा मुलगा आहे. मुलांनी असे केस वाढवलेले चालत नाहीत. बाकीची पोरं हसतात."

लेकरानं माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. ती मूठ मला जाणवली आणि तोंडून निघून गेलं, "नवसाचे केस आहेत, बाई."

मग पुढचं भराभर सुचत गेलं. गेल्या वर्षी डेंग्यूत हे पोर चार दिवस सलाइनवर होतं. तेव्हा आमच्या गावच्या देवीला बोललो, याला नऊ वर्षं पुरी होईस्तोवर कात्री लावणार नाही. डेंग्यू खरा. चार दिवस खरे. नवस तेवढा माझा.

बाईंचा चेहराच पालटला. "मग आधी सांगायचं ना. नवसाला आम्ही काय बोलणार? काळी रिबीन बांधून पाठवा."

शाळेत कविता म्हणताना एखादी ओळ आठवली नाही की मी तिच्या मापाची दुसरी जुळवून पुढे जायचो. गुरुजींना कधी कळलं नाही. आजही तसंच झालं.

रस्त्यात लेकरानं विचारलं, "आबा, तुम्ही खरंच देवीला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"आपल्या दोघांचं गुपित."

ते इतकं हसलं की खालचा पडलेला दात दिसला.

१९ नोव्हेंबर

आमच्या मालकिणीला, मंजुळाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नवस बोलणं सोपं असतंय ओ. फेडायला कोण जाणार? तुमची कविता?"

१ डिसेंबर, रविवार

आमचं हे घर कसं जुळलं, ते इथं कधी लिहिलं नाही. जखम झाकलेली बरी वाटते.

सुजितची पहिली बायको करोनात गेली. विजयश्री तेव्हा नऊ वर्षांची. पुढे अडीच वर्षांपूर्वी सुजितनं स्वप्नालीशी लग्न केलं. तिनंही पहिला नवरा सोडलेला. गोरक्ष त्याचं नाव, चाकणच्या पलीकडच्या गावातला, शेतीही आहे आणि कंपनीत कामही. स्वप्नाली सहा वर्षांच्या गणराजला घेऊन काळेवाडीच्या या दोन खोल्यांत आली. मंजुळाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि खाली वाकून विचारलं, "नाव काय रे तुझं, राजा?"

पोरानं तिच्या कानाला तोंड लावलं. "मी मुलगी आहे. पण आईसमोर म्हणू नका, ती रडते."

मंजुळाबाईनं ते मला आठ दिवसांनी सांगितलं. तोवर एकटीनं पोटात ठेवलं होतं.

स्वप्नालीला हे माहीत होतं, पोर तीन वर्षांचं असल्यापासून. तिकडे एकदा कपाळाला टिकली लावली म्हणून गोरक्षनं त्याला दिवसभर गोठ्यात कोंडलं होतं. त्या दिवशी तिनं घर सोडलं. इथे आल्यावर मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीण म्हणाल्या, "आजार नाहीये हा. औषधही नाही. लेकराचं ऐका फक्त. केस वाढवायचे म्हणतंय, वाढवू द्या." सुजित दुसऱ्या दिवशी कामावरून येताना दोन क्लिपा घेऊन आला. कुणासाठी ते बोलला नाही. देवळीत ठेवून दिल्या.

मला कळतं का हे सगळं? नाही. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असं मी म्हणत होतो. मग आठवलं. चौथीत माझ्या शेजारी एक मुलगा बसायचा. मुलींच्या ओळीत उभा राहायचा म्हणून रोज छड्या खायचा. त्याच्यासारखी कविता कुणी म्हणत नसे. पाचवीला तो आला नाही. कुठे गेला, आम्ही कुणी विचारलं नाही.

आज दुपारी लेकराची वेणी विजू घालत होती. मी दोन ओळी जुळवून दिल्या —

वेणीत माझ्या गुंफला वारा,
कुणी न मागो त्याचा सारा.

"सारा म्हणजे?" विजूनं विचारलं. शेतसारा, म्हणालो. "आबा, तुम्ही अशक्य आहात," म्हणाली. लेकरू मात्र संध्याकाळपर्यंत तेच म्हणत हिंडत होतं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. शेजारच्या शालनबाईंनी लेकराच्या केसांवरून हात फिरवला. "केवढे दाट आलेत बाई. कधी फेडणार म्हणे नवस?"

मंजुळाबाईनं माझ्याकडे पाहिलं. बोला आता.

"मे महिन्यात," मी म्हणालो. "नऊ पुरी होतील."

मला वाटलं होतं, सहा महिन्यांत कोण लक्षात ठेवतंय. लोक सगळं विसरतात, शेजाऱ्याचा नवस तेवढा विसरत नाहीत.

बायका गेल्यावर विजूनं आपल्या हिरव्या बांगड्यांतल्या चार काढून लेकराच्या हातात चढवल्या. मोठ्या झाल्या, कोपरापर्यंत गेल्या. "नाव पण पाहिजे मला," लेकरू म्हणालं. "गणराज देवाचं आहे, चांगलं आहे. पण माझं नाही." मग त्यांनी दोघींनीच ठरवलं. तेजल. घरात तेजल, बाहेर गणराज.

सुजितनं जेवताना एकदा ते नाव घेतलं. वरण वाढताना, सहज. स्वप्नाली उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

सुजित काल कामावरून आला तो तोंड पाडून. त्यांच्या लाइनवर गोरक्षच्या गावची तीन पोरं आहेत. त्यातल्या एकानं चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "भावा, गोरक्षच्या पोराचे केस वाढवलेत म्हणं तुम्ही? जट काढायची का देवीला सोडायचंय?" बाकीचे हसले.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? नवस आहे म्हणालो. तुमचाच शब्द."

थोड्या वेळानं म्हणाला, "आबा, मला ती पोरगी जड नाही. पण रोज आठ तास मी त्यांच्यात उभा असतो."

२ मार्च, रविवार

तात्याबांचा फोन आला. गोरक्षचे वडील. आवाजात अशी अदब की मी फोन कानाला लावूनच उठून उभा राहिलो.

"राम राम, पाव्हणं. आमच्या नातवासाठी तुमी नवस बोलला, आमाला ठावंच न्हाई. रक्ताचा न्हाई, तरी बोलला. असा मानूस कुठं घावतो? पर आता फेडायचा मान आमचा. चार मेला गावची यात्रा हाय. पोरगं सुट्टीला इकडंच आसतंय. तिथंच काडू केस."

कोर्टाच्या कागदात लिहिलंय, मे महिनाभर पोर बापाकडे.

मी म्हणालो, नवस आमच्या देवीचा आहे. ते म्हणाले, "देवी काय आन् नाथ काय. बोललेलं राहिलं की घरात घुसतं, पाव्हणं. माझा बैल गेला माघात. मला काय झालं तर चालंल, नातवाला नगं."

बैल गेला. माझ्या खोट्यामुळे एका म्हाताऱ्याला वाटतंय, त्याचा बैल गेला.

९ मार्च

स्वप्नाली माझ्यासमोर बसली. तिनं कधी काही मागितलं नाही मला.

"आबा, नवस तुम्ही बोललात. तुम्हीच जाऊन सांगा, खोटा होता म्हणून. माझं तिथे कुणी ऐकणार नाही. तुमच्या वयाला मान देतात ती माणसं. केस गेले तर ती मोडेल हो. गोठ्यातून काढलं तेव्हा आठ दिवस बोलली नव्हती."

जातो म्हणालो.

१६ मार्च, रविवार

जाऊन आलो.

चाकणच्या पुढे शेअर रिक्षा. मग कंपन्यांच्या भिंती, भिंतीमागे शेडं, आणि दोन भिंतींच्या मध्ये अचानक हिरवागार कांदा. तात्याबांचा तुकडा. मला माझ्या बापाचं रान आठवलं. तिथेच माझं चुकलं, आता कळतंय.

तात्याबा बांधापर्यंत सामोरे आले. डोईला फेटा, हातात पाण्याचा तांब्या. जांभळीखाली घोंगडं अंथरलेलं. तानाबाईंनी, त्यांच्या मालकिणीनं, गरम भाकरी आणि पातीचा झुणका आणला. मी म्हणणार होतो, आधी एक बोलायचंय. पण पाहुण्यानं पहिल्या घासाआधी वाईट बोलू नये, हे आमच्या आईचं. म्हटलं, जेवणानंतर.

जेवणानंतर तात्याबा म्हणाले, "सुजितराव सांगत हुते, तुमाला कविता लई पाठ. मी बी चवथी पास हाय."

आणि त्या माणसानं सुरुवात केली. डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून. तीच कविता, जी मी पावसानं गळणाऱ्या शाळेत ओरडून म्हटली होती. एक कडवं ते, एक मी. चौथ्या कडव्याला ते अडले, मी ओळ पुरवली. सातव्याला मी अडलो, त्यांनी पुरवली. पलीकडे कंपनीचा भोंगा झाला तरी आम्ही थांबलो नाही. तानाबाई दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. साठ वर्षांत इतका सुखी झालो नव्हतो.

मग ते डोळे पुसत म्हणाले, "पाव्हणं, पोराला मामा न्हाई. स्वप्नाली एकटीच लेक. केस काडताना मामाची मांडी लागती. म्या ठरवलंय, मांडी तुमची."

मी म्हणालो, "बरं."

दुसरं काही म्हणालो नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोरच्या माणसाचे डोळे ओले होते, आणि उठताना तानाबाईंनी पिशवीत कांदे घातले.

घरी दारातच स्वप्नाली. पिठाचे हात.

"बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

१७ मार्च

कांदे संपेपर्यंत मला घास गोड लागणार नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. मंजुळाबाई एकटी असताना म्हणाली, "खरं बोललाव का तिथं?" मी पंचांग वाचत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. न विचारणं हेच तिचं उत्तर असतंय.

सांगेन. अजून महिना आहे. फोन करीन, नाहीतर पत्र लिहीन. पत्रात मला बरं जमतं.

१२ एप्रिल

पत्र लिहिलं. तीन पानं झाली. वाचून पाहिलं, तर दोन पानं त्यांच्या कांद्याच्या रानावर. फाडलं.

१ मे, गुरुवार

गोरक्ष गाडी घेऊन आला. आत आला नाही, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत बसला.

विजूनं तेजलच्या वेण्या सोडल्या, केस मागे एकच बांधले, वर टोपी. बांगड्या काढून डबीत ठेवल्या. हे दर वर्षीचं. इथली एक, तिथला एक.

पायरीवर तिनं मला थांबवलं. "आबा, तुम्ही सांगितलंय ना त्यांना? नवस खोटा आहे म्हणून?"

"सांगितलंय."

"मग आपलं गुपित राहिलं नाही," ती म्हणाली. जरा वाईट वाटलं तिला. मग टोपी दाबून पळत गेली.

४ मे, रविवार

मी यात्रेला गेलो. घरी सांगितलं, लेकराला बघून येतो. वाटत होतं, ऐनवेळी काहीतरी सुचेल. मला नेहमी सुचतं.

देवळापुढे मांडव, कर्णे, यात्रा कमिटीचा फ्लेक्स. त्यावर गोरक्षचाही फोटो. न्हावी पाटावर बसून नवं पातं लावत होता. तात्याबांनी मला सगळ्यांसमोर हाताला धरून नेलं, नारळ दिला, टोपी घातली. "ह्यांनी नवस बोलला," प्रत्येकाला सांगत होते. लोक माझ्या पाया पडले.

तिला आणलं. पांढरा कुर्ता, कपाळाला गंध. चेहरा पांढरा पडलेला. मग तिनं मला पाहिलं आणि — धावत आली. गर्दीतून वाट काढत. मी आलोय म्हणजे आता हे थांबणार, असंच तिला वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? कुणी सांगायच्या आधी स्वतःहून माझ्या मांडीवर येऊन बसली. माझा हात तिनं आपल्या पोटाभोवती ओढून घेतला.

न्हाव्यानं डोक्यावर पाणी लावलं. ती दचकली. मान वळवून हळूच म्हणाली, "आबा. सांगा ना."

समोर तात्याबा हात जोडून उभे. तानाबाईंनी केस झेलायला नवा खण पसरलेला. दोनशे माणसं. हलगी.

"आबा, सांगा ना त्यांना."

मी म्हणालो, "हलू नकोस. वस्तरा लागेल."

मग ती हलली नाही. शेवटपर्यंत नाही. रडलीही नाही. माझ्या हातावरचा तिचा हात तेवढा हळूहळू सैल होत गेला. केस खणात पडत राहिले, आणि लोक म्हणत राहिले, नशीबवान पोर.

५ मे

काही सुचत नाही.

१ जून, रविवार

गोरक्ष तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून गेला. ती चालत आली, चप्पल जागेवर ठेवली, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बोटभर केस आलेत. बापानं पंधरा दिवसांनी पुन्हा मशीन फिरवून घेतलं होतं म्हणे.

मी आत गेलो. म्हटलं, आपली ती वाऱ्याची ओळ म्हणू या का. तिनं दोन्ही कान झाकून घेतले. जोरात नाही. अंगवळणी पडल्यासारखे.

३ जून

स्वप्नालीला सगळं कळलं. तेजल एवढंच बोलली, "आबा म्हणाले हलू नकोस." बाकीचं तिनं जुळवलं.

मला वाटलं आरडाओरडा करील. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही मला बोललो म्हणालात. मी त्या भरवशावर तिचा हात सोडला. यापुढे लेकराला एकटं तुमच्यापाशी ठेवणार नाही, आबा. राग नाही. भीती वाटते तुमची."

माझी भीती. आजवर कुणाला वाटली नव्हती.

८ जून, रविवार

विजू माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट आणून ठेवते, सरकवते. आज मी म्हटलं, "विजू, मी काय करू शकत होतो तिथे?"

"उठायचं होतं," ती म्हणाली. "ती मांडीवर होती ना तुमच्या. घेऊन उठायचं फक्त."

चौदा वर्षांची पोर. मला एवढ्या दिवसांत हे सुचलं नव्हतं.

१४ जून

सुजितला गोरक्षनं कंपनीच्या गेटवर गाठलं. म्हणाला, वकील पाहिलाय. पोराला बाईच्या नादानं बिघडवताय तुम्ही, ताबा मागणार, गावाजवळच्या निवासी शाळेत टाकणार. दोन वर्षांत सरळ होईल. पुढच्या महिन्यात अर्ज.

सुजित हे दबक्या आवाजात सांगत होता. दोन खोल्यांच्या घरात दबका आवाज कसला? आत गेलो तर ती खाटेखाली शिरलेली. मंजुळाबाई फरशीवर आडवी होऊन खाटेखाली हात घालून होती. गुडघे धरलेत तिचे, तरी दुपारभर तशीच. मला म्हणाली, "तुमी बाहेर बसा."

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. गेली नाही.

२२ जून, रविवार

आज गेलो. कुणाला सांगितलं नाही. विचार करून ठरवलं होतं — पाणी प्यायचं नाही, बसायचं नाही, कविता म्हणायची नाही.

तात्याबा ओट्यावर होते. "या, या, पाव्हणं." तानाबाई तांब्या घेऊन आल्या. मी हात जोडले. "नको. उभ्यानंच सांगतो. नवस खोटा होता."

त्यांना आधी कळलंच नाही. मग पुन्हा सांगितलं. शाळेत वेळ मारून नेली. देवीला काही बोललो नव्हतो. मार्चमध्ये हेच सांगायला आलो होतो आणि भाकरी खाऊन गेलो.

तात्याबा खाली बघत राहिले. "देवाच्या दारात माझ्याकडनं खोटं डोस्कं टेकवून घेतलंत?"

"हो."

"मग केस कशापायी वाढवले हुते?"

"तिला हवे होते. ती मुलगी आहे, तात्याबा. तिला कळतं तेव्हापासून ती तेच सांगते. तुमच्या घरातही सांगितलं होतं. तेव्हा तुमच्या मुलानं गोठ्यात कोंडली."

गोरक्ष आतून धावत आला. माझी गचांडी धरली. सदऱ्याचं बटण तुटून ओट्यावर उडालं. तात्याबांनी नुसता हात वर केला, तसा तो थांबला. म्हाताऱ्यानं मला विचारलं, अगदी हळू, एखाद्याला वाट विचारावी तसं, "मग माझा नातू कुठं हाय?"

"नव्हताच," मी म्हणालो. "नात आहे. हुशार आहे. येऊन बघा एकदा."

मागे कंपनीत पत्रे आपटत होते. तानाबाई तांब्या तसाच धरून उभ्या. मग तात्याबांनी गोरक्षला विचारलं, "आज तारीख काय?"

"बावीस."

ते उठून आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. मी रस्त्यापर्यंत एकटाच चालत आलो.

२३ जून

स्वप्नालीला सांगितलं, काल खरं बोलून आलो. ती बटण लावायला सदरा मागत होती. म्हणाली, "आता ते काय करतील?"

माहीत नाही, म्हणालो. हे तरी खरं.

२७ जून, शुक्रवार

सकाळी फोनवर तात्याबांकडून एक फोटो आला. काळी चौकट, वर दोन दिवे, मध्ये यात्रेतलं तिचं चित्र, पांढऱ्या कुर्त्यातलं. खाली छापलंय —

कै. चि. गणराज गोरक्ष. वय ९. निधन २२ जून. दशक्रिया विधी मंगळवार, १ जुलै, सकाळी साडेसात, नदीघाट. प्रवचन होईल. आपण उपस्थित राहावे.

मी मोठ्यानं वाचलं. स्वप्नाली भिंतीला टेकत खाली बसली. सुजित दोनदा वाचून म्हणाला, "गावभर वाटलं असणार हे. आता कोर्टात कुठल्या तोंडानं मागतील?"

तेजलनं फोन हातात घेतला. स्वतःचा फोटो बोटांनी मोठा केला, नाव वाचलं, तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. तिकडून आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"तुम्ही जाणार का?"

"नाही," मी म्हणालो.